खोल मारलं की पाणी लागतंच? बावडेकरांनो, जरा थांबा

उन्हाळा आला की बोअरची गाडी गल्लीत शिरते. दोनशे फुटांवर नुसती धूळ उडाली की कुणीतरी म्हणतंच, "अजून शंभर मारा, खाली पाणी असणारच." बिल फुटावर. गाडीवाला कशाला नको म्हणेल?

माझं म्हणणं सरळ आहे. पैसे खोलीवर घालू नका, आधी दगड बघा.

पाणी असो, तेल असो, खडकात ते साठतं बारीक पोकळ्यांत. जितकं खोल, तितका वरचा भार जास्त आणि मोकळी जागा कमी. वाळूच्या खडकात आणखी एक भानगड असते. साधारण 70-80 अंश सेल्सिअसच्या पुढं कणांवर गारेचा थर चढू लागतो, उरलीसुरली जागाही बुजते. तरी नॉर्वेजवळच्या समुद्राखाली 4 किलोमीटरपेक्षा खोल अशा खडकांत 20 टक्क्यांहून जास्त जागा मोकळी सापडली आहे. कारण क्लोराइट, म्हणजे चिकणमातीच्या जातीचं एक खनिज. कणाकणाभोवती त्याचा केसापेक्षाही पातळ लेप असतो. आपल्या आज्ज्या चुलीवरच्या भांड्याला बुडाशी मातीचा लेप द्यायच्या, काजळी भांड्याला धरायची नाही. तसंच हे, गार कणाला धरत नाही. लेप मात्र पातळ आणि सलग हवा. माती जास्त झाली तर तीच वाट अडवते.

आता आपल्या पायाखालचं बघा. इथं वाळूचा खडक नाही, लाव्हाचा काळा दगड आहे. त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या होत्या, पण कित्येक ठिकाणी त्या हिरवट मातीनं, झिओलाइटनं, गारेनं भरून गेल्यात. दोन थरांमध्ये तांबडी माती लागते, तीही पाणी सहज सोडत नाही. तिकडं जागा राखणारी माती इथं जागा बुजवते! पाणी असतं ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगांत. भेग लागली तर नशीब, नाहीतर खाली नुसता घट्ट दगड.

राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यानं 60 मीटर, म्हणजे सुमारे 200 फूट आणि त्यापुढच्या विहिरीला 'खोल विहीर' धरलंय, ते उगाच नाही.

म्हणून मागणी एकच. किती फुटांवर मुरूम, कुठं काळा दगड, कुठं तांबडी माती, पाणी कुठं लागलं, हे प्रत्येक बोअरला लिहून घेणं महापालिकेनं सक्तीचं करावं आणि तो कागद कुणालाही बघू द्यावा. गल्लीत दहा बोअर झाल्यात. त्यांचे दहा कागद समोर असते तर अकरावी मारायची का नाही, हे गाडी बोलवायच्या आधीच ठरलं असतं.