रंगाचा बेरंग

‘‘माझे डोळे गेलेत बहुतेक!’’

गुरुवारी रात्री साडेअकराला रूममेटनं दारातच बॅग टाकली आणि जाहीर केलं. मॅडम सॉफ्टवेअरवाल्या. नवी नोकरी, प्रोबेशनचा तिसरा महिना. त्या दिवशी तिनं सर्व्हरवरच्या एका फाईलमधली एक ओळ बदलली आणि टेस्टिंगची सिस्टीम दुपारभर झोपली. बदलू नये अशी सूचना त्याच ओळीच्या वर कॉमेंटमध्ये लिहिलेली होती. तिनं ती वाचलीच नव्हती. सरांनी केबिनमध्ये बोलावून फक्त एवढंच विचारलं, ‘‘वाचून काम करत नाहीस का?’’ बस्स. पोरगी पार खचली. संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात जाऊन डोळेही तपासून आली. नंबर तोच!

‘‘दाखव बरं ती फाईल,’’ मी म्हटलं. विम एडिटर उघडला. काळाकुट्ट स्क्रीन आणि त्यावर गडद निळ्या अक्षरात कॉमेंट. मलाही दिसेना. म्हणजे डोळ्यांचा प्रश्नच नव्हता.

मला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण प्रश्न विचारायची डिग्री आहे ना! मग बसलो दोघी चहा घेऊन. गंमत अशी, की विमला आपला स्क्रीन दिसतच नाही. तो ‘टर्म’ नावाच्या व्हेरिएबलला विचारतो, ‘बाबा, मी कुठल्या टर्मिनलवर आहे?’ जे नाव मिळेल ते टर्मइन्फोच्या यादीत शोधतो आणि तिथं लिहिलेल्या रंगांवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलला तर रंगच नव्हते. पुढं ८ आले, मग १६, मग २५६ (१६ मूळचे, २१६ मिश्रणाचे, २४ करड्या छटा). आता तर दीड कोटीच्या वर.

मग तपास बाहेरून आत. लॅपटॉपच्या टर्मिनलवर ‘टीपुट कलर्स’ टाईप केलं : २५६. एसएसएचनं सर्व्हरवर गेलो : २५६. तिथं टीमक्समध्ये शिरलो : ८! सापडला. कुणीतरी टीमक्सच्या सेटिंगमध्ये नुसतं ‘स्क्रीन’ लिहून ठेवलं होतं. तिथं ‘टीमक्स-२५६कलर’ केलं. (सर्व्हरला हे नाव माहीत नसेल, तर ‘स्क्रीन-२५६कलर’ चालतं.) आधी उघडलेल्या खिडक्या जुनंच नाव सांगत बसतात, म्हणून टीमक्स बंद करून पुन्हा सुरू केलं. बॅशच्या फाईलमध्ये ‘टर्म’ जबरदस्तीनं बदलण्याचा शॉर्टकट मात्र नको. ते विमशी खोटं बोलणं झालं. आज चालेल, उद्या दुसरीकडे फसेल.

आता छटा आल्या. पण कॉमेंट अजून निळीच! कारण बॅकग्राउंड पांढरी आहे, असा विमचा समज होता. पांढऱ्यावर तो निळा छानच दिसला असता. विमआरसीमध्ये एक ओळ टाकली, ‘सेट बॅकग्राउंड=डार्क’, आणि कॉमेंट लख्ख आकाशी झाली. ती सूचनाही दिसली. ती वाचून बाईसाहेब रडायच्याच बाकी होत्या.

‘‘आता सरांना सांग,’’ मी म्हटलं.

‘‘वेडी आहेस का? बहाणा वाटेल त्यांना.’’

‘‘अगं, नुसतं सांगू नकोस. दाखव.’’

शुक्रवारी तिनं दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी ठेवून दाखवले. सर मिनिटभर गप्प. मग म्हणाले, ‘‘हे सगळ्यांच्या सेटिंगमध्ये टाक. आणि पुढच्या वेळी दिसत नसेल, तर पहिल्याच दिवशी विचार.’’

तिसऱ्या महिन्यात ‘मला दिसत नाहीये’ असं म्हणायला आपण घाबरतो. नवीन आहोत, लोक काय म्हणतील! म्हणून डोळे तपासतो, स्वतःला बोल लावतो. तेव्हा मंडळी, सोमवारी ऑफिसात काही अंधुक दिसलं, तर चष्म्याच्या दुकानाआधी शेजारच्या टेबलावर जा. फी फार तर एक कटिंग!