जुन्या वळणाचें अक्षर आणि त्याचा नवा बाजार

लग्नपत्रिका, उपाहारगृहाची पाटी आणि सुगंधी तेलाची बाटली ह्या तीन ठिकाणीं जुन्या वळणाचें अक्षर आज मोठ्या हौसेनें मिरविलें जातें; आणि ज्या ग्रंथाच्या पानावर त्याचें खरें काम, तेथें त्याला जागा मिळणें कठीण झालें आहे. ह्यास कित्येक सुशिक्षित परंपरेचा अभिमान म्हणतात. आमच्या मतें ही परंपरेची विटंबना आहे.

अक्षराची जाडबारीक रेषा आणि तिच्या टोकाचा ठसठशीतपणा हा वरून चढविलेला दागिना नव्हे. ट्राजनस्तंभावरील इ. स. ११३ च्या रोमन अक्षरांस जे पाय आहेत, तेच पुढें इंग्रजी ग्रंथांच्या टाइपांत उतरले. पण त्यासाठीं आम्हां वाशीमकरांस रोमला जाण्याचें कारण नाहीं. आमचें वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. वाकाटकांच्या ताम्रपटांतील पुष्कळ अक्षरांच्या माथ्यावर चौकोनी पेटी दिसते; म्हणूनच त्या लिपीस पेटिकाशीर्ष हें नांव पडलें. अक्षरास माथा हवा, ही जाण आपल्याकडे इतकी जुनी आहे.

देवनागरींत हें काम शिरोरेषा आणि बोरूचा तिरपा काप हीं दोघें मिळून करितात. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला; त्यांच्या टाइपासाठीं राणोजी रावजी आरू ह्यांनीं बोरूचें तें वळण पोलादांत कोरलें. तें पत्रिकेच्या शोभेसाठीं नव्हे, तर काव्यमालेसारखे ग्रंथ वाचकानें तासन् तास वाचावे म्हणून!

आजचे नक्कलकार काय करितात? अक्षराच्या कडा मुद्दाम कुरतडून त्यास ‘जुनें’ करितात. जुना छापखानेवाला झिजलेला टाइप भट्टींत घाली; आम्ही ती झीज विकत घेतों! ध आणि घ, भ आणि म ह्यांतील भेद शिरोरेषेच्या एवढ्याशा तुटीवर उभा असतो, हें ज्यास ठाऊक आहे तो कडा कुरतडण्यास धजणार नाहीं. शासनानें मराठीकरितां पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ मान्य केला आहे. संस्कृतीच्या नांवानें निघालेल्या पत्रिकांत पुष्कळदां हींच दोन अक्षरें परक्या वळणाचीं असतात.

प्रतिपक्षी म्हणतील, बारीक रेषा संगणकाच्या पडद्यावर तुटते. पडदे भरड होते तोंवर हा आक्षेप रास्त होता. आज त्यांत फारसें बळ उरलेलें नाहीं. धांवत्या मोटारींतून वाचावयाची पाटी आणि औषधाच्या डबीवरील मजकूर ह्यांस एकसारख्या जाडीचें साधें अक्षरच योग्य, हें आम्ही आनंदानें मान्य करितों. परंतु तीनशें पानांची कादंबरी म्हणजे पाटी नव्हे. तेथें डोळ्यास ओळीमागून ओळ चालावयाचें असतें, आणि रेषेचा चढउतार हा त्या चालीचा ताल आहे.

म्हणून प्रकाशकांस आमचें सांगणें एवढेंच: जुन्या वळणाचें स्वच्छ, न कुरतडलेलें अक्षर ग्रंथास द्या आणि पाटी साधी ठेवा. वाचक पुस्तक मिटून ठेवतो तेव्हां आपण त्याच्या आळसाला दोष देतों. त्या पानावर त्याच्या डोळ्यांची सोय आपण पाहिली होती काय, हेंही एकदां तपासावें.