राखेचा हिशेब होतो, रक्ताचा नाही!

प्रभू वैद्यनाथाच्या परळीची दुसरी ओळख औष्णिक विद्युत केंद्राची. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३५ ते ४० टक्के असते. वीज दूरदूर जाते, राखेचे ढीग मात्र परळीच्या वाट्याला येतात. २०२५ च्या प्रारंभी या राखेच्या बेकायदा वाहतुकीचे प्रकरण राज्यभर गाजले. चर्चा रंगली ती राखेतून पैसा कोणी मिळवला याची. ती ज्यांच्या अंगणात उडते, त्या लेकरांच्या अंगात काय जाते, हा प्रश्न त्या गदारोळात हरवला.

कोळशाच्या राखेत शिसे, आर्सेनिक, पारा यांचे अंश असतात. त्यांपैकी शिसे हे बालकांचे विशेष वैरी. पोटात गेलेले शिसे प्रौढापेक्षा बालकाचे शरीर चार-पाच पट अधिक शोषून घेते. कॅल्शियमचे सोंग घेऊन ते हाडांत मुक्काम करते आणि मेंदूच्या जडणघडणीत विघ्न आणते. वरकरणी लक्षण काहीच नाही. मूल अभ्यासात मागे पडते आणि शाळा त्याला ‘मठ्ठ’ ठरवून मोकळी होते!

ही भीती काल्पनिक नव्हे. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई व दिल्लीतील तीन वर्षांखालील बालकांचे रक्त तपासले गेले. त्यांपैकी १,०८१ बालकांच्या अभ्यासात ७६ टक्के बालकांच्या दर १०० मिलिलिटर रक्तात ५ ते २० मायक्रोग्रॅम शिसे आढळले. पाच मायक्रोग्रॅम आढळताच शिशाचा स्रोत शोधून तो दूर करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशातून हद्दपार झाले. तरीही युनिसेफच्या २०२० च्या अहवालाने ही सीमा ओलांडलेल्या भारतीय बालकांची संख्या २७.५ कोटी असल्याचा अंदाज वर्तवला.

मग बीडच्या बालकांचे रक्त कोण तपासणार? २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या व्याधींच्या मूळ यादीत शिशाची विषबाधा नाही. लोहाची उणीव असलेले शरीर शिसे अधिक शोषते, आणि २०१९-२१ च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांमागे फिरणाऱ्या लेकरांच्या जिल्ह्याने हा इशारा दुर्लक्षावा काय?

‘मग वीज नको का?’ असा प्रश्न फेकला जाईल. वीज हवीच! केंद्राला टाळे ठोकण्याची ही मागणी नव्हे. कदाचित राख निर्दोष ठरेल आणि दोष जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्टीचा, भिंतीच्या रंगाचा वा भेसळीच्या हळदीचा निघेल. परंतु तपासणीवाचून दोषमुक्ती कसली?

केंद्र शासनाच्या डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार वापराविना पडून राहिलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाई आकारता येते. राखेचा दर ठरला. बालकाच्या रक्तातील शिशासाठी मात्र सरकारी तक्त्यात एक रकानाही नाही. अंगणवाडीतील बालकाचे हिमोग्लोबिन पाहण्यासाठी बोटाला सुई टोचलीच जाते. त्याच वेळी आणखी एक थेंब घेऊन शिशाची प्राथमिक चाचणी होऊ शकते.

ही मागणी ग्रामसभेत आणि माता-पालक बैठकीत ठरावरूपाने मांडणे, हे आता प्रत्येक जागरूक कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे. बलशाली राष्ट्राची भाषा बोलणाऱ्यांनी त्या राष्ट्राच्या बालकांचे रक्त आधी तपासून घ्यावे.