पडदा नवा, उच्चार उसना

जुन्या मोटारीतला मूळचा पडदा काढून नवा बसवणे ही आमच्या काही साहित्यिक मित्रांना चैन वाटते. आम्हाला वाटत नाही. जुन्या पडद्यातला नकाशा कार्डावर गोठलेला असतो. नंतर झालेला रस्ता त्याच्या लेखी झालेलाच नसतो. तो बदलणे शहाणपणाचेच. आमचा वाद पुढचा आहे.

परभणीहून जिंतूरमार्गे चारठाण्याची प्राचीन मंदिरे पाहायला निघालो, तेव्हा नव्या पडद्याने गावाला 'चार्थाना' म्हटले. कारण उघड आहे. रोमन लेखनात 'ठ' आणि 'थ', 'ण' आणि 'न' यांतला भेद बुडतो. यंत्र उरलेल्या अक्षरांवरून अंदाज बांधते. 'पोचवले ना, मग झाले!' हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तेव्हा उणीव लिपीची नाही, आपल्या मागणीची आहे.

चक्रधरांच्या भ्रमणातील स्थाने दिशांसह नोंदवणारी 'स्थानपोथी' आपण वर्गात शिकवतो. जुन्या मराठी गद्याने गावांची एवढी निगुतीने नोंद ठेवली, त्याचेच अध्यापक दुकानात पडद्याचे इंच मोजतात. भाषेचा पर्याय मात्र उघडूनही पाहत नाहीत. मग उच्चारासाठी यंत्राला दोष कशाला द्यायचा?

पडदा जरूर बदलावा. मात्र पैसे मोजण्यापूर्वी त्याच्याकडून एकदा 'सोनपेठ' वदवून घ्यावे. 'सोनपेथ' ऐकू आले, तर खुशाल दुकानदाराशी भांडावे. व्याकरणाच्या तासापेक्षा ते भांडण अधिक उपयोगी पडेल.