तिकीटच काढलं नाही, तर लॉटरी लागली कशी?

‘तुमच्या मोबाइल नंबरला पंचवीस लाखांची लॉटरी लागली आहे.’ सोबत अमिताभ बच्चन यांचा फोटो, ‘कौन बनेगा करोडपती’चं नाव, एखाद्या मोठ्या बँकेचं बोधचिन्ह आणि जांभळा गोल शिक्का. हा निरोप कधी ई-मेलवर येतो, कधी व्हॉट्सॲपवर. फोन करायचा नंबर बरेचदा +९२ ने सुरू होतो, म्हणजे पाकिस्तानचा.

असं पत्र खरं की खोटं हे त्याच्या दिसण्यावरून ठरवू नका. पूर्वी भाषेच्या चुकांवरून भामटा ओळखू यायचा. आता मराठीसुद्धा शुद्ध येते आणि शिक्का कोणीही बनवतो. त्यापेक्षा पैसा कोणाकडून कोणाकडे चालला आहे ते बघा. बक्षीस तुम्हाला लागलंय आणि पैसे तुम्हीच भरताय, तर तिथेच थांबा.

आधी ‘प्रोसेसिंग फी’ म्हणून थोडी रक्कम मागतात. ती भरली की जीएसटी, मग ‘इन्कम टॅक्स’. खऱ्या लॉटरीत कर भरायला कोणी आगाऊ पैसे मागत नाही. मोठं बक्षीस असेल तर देणाराच त्यातून ३० टक्के कर कापून उरलेली रक्कम हातात देतो. १९६९ पासून चालू असलेली महाराष्ट्र राज्य लॉटरी घ्या. तिथे बक्षीस मागायला मूळ तिकीट हजर करावं लागतं. नुसत्या मोबाइल नंबरला किंवा ई-मेलच्या पत्त्याला तिथे काही लागत नाही.

परदेशी लॉटरीचं तर बोलायलाच नको. तिच्या तिकिटासाठी भारतातून पैसे पाठवायलाच परकीय चलनाच्या नियमांनी मनाई आहे. पत्र रिझर्व्ह बँकेच्या नावाने आलं, तरी भुलू नका. असे ई-मेल आपण पाठवत नाही, हे त्या बँकेनेच वेळोवेळी जाहीर केलं आहे. आणि पैसे ‘जमा करण्यासाठी’ कोणी क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआय पिन टाकायला सांगितलं, तर नकार द्या. पिन लागतो तो पैसे देताना.

‘बक्षीस मिळेपर्यंत कोणाला सांगू नका’ हे वाक्य या पत्रांत हमखास असतं. मला सगळ्यात घातक तेच वाटतं. कारण शेजारच्या किराणा दुकानदाराला जरी विचारलं, तरी तो ‘काका, नादाला लागू नका’ म्हणेल. भामट्याला नेमकी त्याचीच धास्ती. घरातल्या तरुण मंडळींना वेगळी विनंती: आई-वडील फसले तर त्यांना हसू नका, ओरडू नका. बोलणी खायच्या भीतीने माणूस गप्प राहतो, आणि गेलेले पैसे सोडवायला आणखी पैसे पाठवत बसतो.

पैसे गेलेच असतील, तर लाजत बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि आपल्या बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. मेसेज पुसून टाकू नका, तोच पुरावा.

पुढे काही दिवसांनी ‘सायबर ऑफिसातून बोलतोय, तुमचे पैसे परत मिळवून देतो’ असा फोन येऊ शकतो. त्या साहेबांनी फी मागितली, की फोन ठेवून द्या.