ऑपरेशन छोटं असेल, भूल छोटी नसते

थोडं लांब आहे, पण घरात लहान मूल असेल तर वाचाच.

आपल्याकडे ऑपरेशन म्हटलं की सर्जन कोण, एवढंच विचारतात. भूल कोण देणार, हे कुणी विचारत नाही. तालुक्याला भूलतज्ज्ञ एखादाच, दिवसभर या दवाखान्यातून त्या दवाखान्यात पळणारा. बऱ्याचदा तो पोराला पहिल्यांदा टेबलावरच बघतो. धडधाकट मुलाचं निभावून जातं. पण सगळी मुलं तशी नसतात.

म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिस नावाचा जन्मजात आजार आहे (नाव एका दमात म्हणून दाखवा!). एक एन्झाइम नसल्याने शरीरात विशिष्ट साखरेचे लांब रेणू साठत जातात. जीभ मोठी, मान आखूड, श्वासाची वाट अरुंद. अशा बऱ्याच मुलांचं पहिलं ऑपरेशन हर्नियाचं नाहीतर कानाचं असतं, तेही निदान व्हायच्या आधी. म्हणजे 'साधा हर्निया' म्हणून जे पोर छोट्या दवाखान्यात जातं, त्याच्या घशात नळी घालताना शहरातल्या तज्ज्ञालाही घाम फुटतो. वय वाढेल तसं ते आणखी अवघड होतं.

ड्युशेन हा स्नायूंचा आजार मुलग्यांमध्ये दिसतो. सुरुवातीला पोरगा ठीकच वाटतो. त्याला स्कोलिनचं इंजेक्शन दिलं तर रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढून हृदय बंद पडू शकतं. निदान न झालेल्या मुलांचे असे मृत्यू झाल्यावर 1990 च्या दशकात अमेरिकेत या औषधावर ठळक इशारा छापायला लावला. 'जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकतो का? पोटऱ्या जाड आहेत का?' एवढं आदल्या दिवशी विचारलं तरी शंका येते. याला मशीन लागत नाही. दहा मिनिटं लागतात.

डाऊन सिंड्रोमच्या मुलांत निम्म्याच्या आसपास जणांना हृदयाचा दोष असतो, काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. नळी घालताना मान जोरात वळवली की संपलं.

दोष एकट्या भूलतज्ज्ञाचा नाही. 'इथं नको, पुढे न्या' म्हणणाऱ्या डॉक्टरला आपणच शिव्या घालतो, 'कमिशन खातो' म्हणतो. पुढे न्यायचं म्हणजे गाडीभाडं आणि बुडालेला रोज, हेही खरंच. म्हणून तर ही जबाबदारी सरकारची आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, पथकं अंगणवाडीत, शाळेत जाऊन मुलं तपासतात. निदान झालेल्या मुलाच्या हातात एक कार्ड द्यायला काय हरकत आहे? आजाराचं नाव, भुलीतला धोका, कोणतं औषध नको, मराठीत आणि इंग्रजीत. माहिती शोधत बसायला नको. जर्मनीतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 'ऑर्फनअनेस्थेशिया' या उपक्रमात दुर्मिळ आजारांतल्या भुलीच्या सूचना फुकट खुल्या ठेवल्यात.

आणि ठरवून होणाऱ्या प्रत्येक बालशस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाची तपासणी किमान एक दिवस आधी, लेखी. सरकारी योजनेच्या पॅकेजमध्ये या तपासणीचे वेगळे पैसे द्या, मग बघा कशी होत नाही ती.

आईबापांनो, आधीच्या भुलीत काही त्रास झाला असेल, नात्यात कुणी टेबलावर दगावलं असेल, तर न विचारताही सांगा. उपाशी ठेवायला सांगितलं असताना 'रडत होतं म्हणून' बिस्किट दिलं असेल, तर तेही सांगा. ऑपरेशन पुढे ढकलतील, ढकलू द्या.

आपल्या जिल्ह्यात असं कार्ड कुणाला मिळालंय का? कमेंटमध्ये लिहा. सोमवारी जिल्हा शल्यचिकित्सकांना हाच प्रश्न विचारणार आहे.