त्वचा त्यांची, चामडी आमची

त्वचा लोळवीन, अशी धमकी कुणी कुणाला दिलेली ऐकली का दोस्तांनो? नाही ऐकणार. लोळवतात ती चामडी. काढतात ती सालटी. त्वचा जपायची असते, तिला हळद-चंदन लावायचं असतं, जाहिरातीत ती उजळत असते. एकाच अंगावरच्या एकाच वस्तूला मराठीनं दोन नावं दिली. कुठलं नाव कुणाच्या अंगाला, हे शब्दकोश सांगत नाही, दंडुका सांगतो.

हे आज काढायचं कारण आहे. २०२२ साली भोपाळात एमबीबीएसची हिंदी पुस्तकं वाजतगाजत निघाली आणि तेव्हापासून आपल्याकडंही मराठीतून डॉक्टरकी शिकवायच्या गोष्टी होताहेत. माझा विरोध नाही. आमची पोरं इंग्रजीच्या उंबऱ्यावर ठेचकाळतात, तो उंबरा उखडलाच पाहिजे. सवाल एवढाच, की ती मराठी कुणाची? कातडीच्या धड्यात कुणाचे शब्द बसणार?

पंडितांची खोड आपल्याला माहीत आहे. परिभाषा पाहिजे म्हटलं की हात थेट पोथीकडं. मग खरूज पामा होते, गजकर्ण दद्रू होतं, इसबाची विचर्चिका होते, पायाच्या भेगा विपादिका होतात. वरून बघाल तर नुसता बोजडपणा, हसून सोडून द्यावा असा. पण हसू नका. हे चारही शब्द चरकसंहितेत एकाच यादीत बसलेले आहेत आणि त्या यादीचं नाव कुष्ठ. अठरा कुष्ठं : सात महाकुष्ठं, अकरा क्षुद्रकुष्ठं. म्हंजे धुऱ्यावरून अनवाणी चालून जिच्या टाचा फाटल्या ती बाई चरकाच्या हिशेबानं कुष्ठी! आणि कुष्ठ होतं कशानं? विरुद्ध आहार वगैरे आहेच, पण त्याच रांगेत ब्राह्मणाचा न् गुरूचा अपमान आणि पापकर्म हीही कारणं मांडून ठेवलीत. चिकित्सास्थान, अध्याय सातवा. खोटं वाटतं त्यानं उघडून बघावं.

मनू तर वैद्यही नव्हता, तरी निदान करायला मागं हटत नाही. अकराव्या अध्यायात तो पापांना रोग वाटतो. गुरुपत्नीशी गमन केलं, कातडी बिघडणार. कपडे चोरले, अंगावर पांढरं कोड. ज्यांना धड कपडा घालू दिला नाही, त्यांच्या अंगावर डाग उठला तर तो कपडेचोरीचा! १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीचं दार हा तिथला सवाल. पुढं दीड महिन्याच्या आत महाडला मनुस्मृती जळाली. पोथी जळाली, निदान शाबूत राहिलं. आजही पोरीच्या ओठावर पांढरं फुटलं की शेजारीण पुटपुटते, "कोनतं पाप भोगून रायली बाप्पा!" कोड म्हंजे शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच रंगपेशींवर उठते, बस्स. ते लागत नाही, झडत नाही. पण त्याला श्वेतकुष्ठ म्हटलं की पोरगी अर्धी मेली.

आपल्या घरातलंही सांगतो, नाहीतर लोक म्हणतील दुसऱ्याच्याच पोथ्या फाडतो. सुप्पबुद्ध नावाच्या कुष्ठी माणसाची गोष्ट पाली उदानात आहे. बुद्धानं त्याला भर सभेत धम्म सांगितला, आणि त्याला तो कळला. पण त्याच गोष्टीच्या शेपटाला त्याचा रोग गेल्या जन्मीच्या कर्माला बांधलेला आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये हा सुप्रबुद्ध पददलितांच्या धम्मदीक्षेत घेतला आणि गेल्या जन्मीच्या कर्माचं ओझं त्याच ग्रंथात फेकून दिलं. परिभाषा करणाऱ्यांनी एवढं धाडस दाखवावं.

आता तो मोठा शब्द. महारोग. व्याकरण सांगेल, महा अधिक रोग, जातीच्या नावाशी संबंध नाही. कबूल. पण शाळेत पोरं हा शब्द मधेच तोडून म्हणत आणि माझ्याकडं बघत, तेव्हा व्याकरण कुठं होतं? डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीजवळ तपोवन उभं केलं. ज्यांना कुणी शिवत नव्हतं त्यांना त्यांनी शिवलं, अचलपूरजवळ कोठाऱ्याला मिशनच्या दवाखान्यानं शिवलं. या कामाला मी नाव ठेवत नाही. पण विदर्भ महारोगी सेवा मंडळ काय, वरोऱ्याची महारोगी सेवा समिती काय, पाटीवर माणूस नाही, रोग आहे. बरा झालेला माणूसही त्या पाटीखालून जाताना महारोगीच असतो.

जंतू १८७३ साली नॉर्वेत हॅन्सननं शोधला. बहुविध औषधोपचार १९८१ सालापासून आले; सहा महिने, बारा महिने गोळ्या, रोग खलास. कायद्याला मात्र हे कळायला किती लागले बघा. १८९८ चा लेपर्स अॅक्ट २०१६ साली रद्द झाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात 'असाध्य' कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते २०१९ साली निघालं. औषध निघून अडतीस वर्षं तो शब्द नवऱ्यांच्या हाती हत्यार म्हणून होता. ब्राझीलनं १९९५ सालीच कायदा करून सरकारी कागदांतून 'लेप्रा' हा शब्द काढून टाकला आणि हॅन्सनच्या नावानं रोग लिहायला सुरुवात केली. आपण महारोग सोडला आणि कुष्ठरोग धरला. म्हंजे एका पोथीतून उठून दुसऱ्या पोथीत बसलो.

लोकांचे सगळे शब्द सोन्याचे आहेत असं मी म्हणत नाही. रक्तपिती हा चुकीचाच शब्द, या रोगाचं मूळ रक्तात नाही, मज्जातंतूंत आहे. 'बोटं झडतात' हेही खोटं. कातडी बधिर होते, चटका कळत नाही, जखम कळत नाही, ती चिघळत जाते आणि आतलं हाड झिजतं. आणि फोडांना देवी म्हणून आपण किती लेकरं गमावली!

पण कष्टातून निघालेले शब्द बघा. चिखल्या. पावसाळ्यात चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यात होतात त्या चिखल्या. रोगाचं नाव घेतलं की कारण आलं, उपाय आला, मालकानं बूट दिले नाहीत हेही आलं. केसतोड. केसाच्या मुळाशी पिकतं ते. काळपुळी. हा शब्द मला सगळ्यांत जवळचा. मेलेलं ढोर ओढायचं, सोलायचं, ही ज्यांच्यावर लादलेली वतनं, त्यांच्या हातावर उठायची ही पुळी, मधोमध काळी पडायची. युरोपातल्या डॉक्टरांनी याच रोगाला अँथ्रॅक्स म्हटलं, ग्रीक भाषेत त्याचा अर्थ कोळसा. तिकडं काळं दिसलं तसं इकडंही काळं दिसलं. फरक एवढाच, की त्यांचा शब्द जगाच्या पुस्तकात गेला आणि आपला अडाण्याची बोली ठरला. कातडीचे थर, तिचा चिवटपणा, कुठं सुरी घातली तर ती अख्खी निघते, हे चर्मकाराइतकं कोणत्या पंडिताला माहीत होतं? दवाखान्यावर 'चर्मरोग विभाग' लिहिता ना? मग चर्म हाताळणाऱ्याचा शब्द का विटाळतो?

माझी मोठी माय अकोल्याकडं रोजानं निंदाले जाते. धुऱ्यांवर, पडीक वावरात सगळीकडं गाजर गवत. यालाच लोक काँग्रेस गवत म्हणतात (नाव कुणी दिलं माहीत नाही, देणाऱ्याला सलाम). १९५६ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढं ते देशभर माजलं. मोठी मायचं तोंड, पापण्या, मान, कोपराची लवण, सगळं जाड झालं, काळवंडलं, रात्रभर खाज. एका दवाखान्यात तिनं सांगितलं, "सायेब, निंदाले गेली का तोंडाची आग होते, घरी रायली का उतरते." अख्खं निदान त्या एका वाक्यात होतं! साहेबानं वर न बघता डर्मटायटिस लिहिलं, मलम लिहिलं, पुढचा नंबर. डर्मटायटिस म्हंजे काय? कातडीचा दाह. ते तर बाई सांगतच होती. गवताचं नाव कुणी विचारलं नाही. मलमानं दोन दिवस बरं वाटलं, ती परत त्याच वावरात. मग मेडिकलवाल्याकडून तीच नळी, वर्षभर. स्टेरॉइड होतं त्यात. कातडी कागदासारखी पातळ झाली. याच नळ्या आज गजकर्णावर खुशाल विकल्या जातात, गजकर्ण दबतं आणि दुप्पट पसरतं.

आणखी एक. पुस्तकात लिहितात 'लालसर चट्टा'. कुणाच्या अंगावर लालसर? गोऱ्या कातडीवर दाह लाल दिसतो. आमच्या काळ्यासावळ्या अंगावर तो जांभळट दिसतो, तपकिरी दिसतो, कधी नुसता चमकतो. लाल शोधणारा डॉक्टर काळ्या अंगापुढं आंधळा. लंडनला मलोन मुकवेंडे या काळ्या विद्यार्थ्यानं हेच विचारलं, की माझ्या रंगावर रोग कसा दिसतो ते कुणी शिकवत का नाही? कुणी शिकवेना तेव्हा त्यानं आपल्या शिक्षकांना धरून २०२० साली काळ्या-तपकिरी कातडीवरच्या लक्षणांची पुस्तिकाच काढली. एकेकाळी काळ्या पँथरांचं नाव आपण उचललं होतं. आता हेही उचला.

मराठी पुस्तकं निघतील तेव्हा निघतील, समित्या नेमतील तेव्हा नेमतील, त्यांत आपलं कुणी नसेल हे आत्ताच लिहून ठेवा. तोवर फ्रेजरपुऱ्यातून, अकोल्याच्या भीमनगरातून, दर्यापूर-मूर्तिजापूरच्या वस्त्यांतून कातडीच्या रोगांचे शब्द जमवा. शब्द, कुणी सांगितला, ते माणूस काय काम करतं, रोग अंगावर कुठं उठतो, आपल्या रंगावर कसा दिसतो. वहीत लिहा आणि पुढच्या अंकासाठी पाठवा. मोठी मायकडून एका रात्रीत एकवीस मिळाले. त्यांतले सहा मी आधी कधीच ऐकले नव्हते.